राणीच्या केसांना फुटलेले फाटे

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी एक राणी होती. तिचे केस पोटरीपर्यंत आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. दोन वर्षांनी राज्यात मोठा उत्सव होता. त्या दिवशी टाचेला टेकणारे केस सोडून मिरवायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

पण केस काही वाढेनात. फणी फिरवली की तुकडे गळायचे, आणि फणी जिच्या हातात असेल त्या दासीची त्याच दिवशी हकालपट्टी. अशा पाच जणी गेल्या. सहावी आली ठकू. हाताची हलकी, तोंडाची फटकळ.

पहिल्याच दिवशी ठकूचं डोकं फिरलं. न्हाऊन आली की राणी ओले केस पंच्यानं खसाखसा चोळी, शेगडीच्या निखाऱ्यांवर धरी आणि ओलसर असतानाच टाळूपासून खाली फणी ओढायला लावी. केस म्हणजे काय घोंगडी आहे? एकूणएक शेंड्याला फाटे फुटले होते.

"राणीसाहेब, दासींच्या हातानं नाही, तुमच्या घाईनं तुटतात हे," ठकू म्हणाली. "पंच्यात नुसते गुंडाळा, सावलीत वाळू द्या. गुंता आपण शेंड्याकडून बोटांनी सोडवू. आणि हे फाटलेले चार बोटं केस आजच कापू, नाहीतर फाटा वर चढेल."

"मला वाढवायचेत आणि तू कापायला निघालीस? चालती हो."

"जाते." ठकूचाही आवाज चढला. "पाच गरीब बायकांच्या पोटावर पाय दिलात, आज सहावीच्या. पण मी गेल्यानं फाटलेला शेंडा सांधला जायचा नाही."

त्यानंतर फणी धरायला कुणी फिरकेना. राणी स्वतःच विंचरू लागली. तीच घाई, तीच शेगडी. केस तुटतच राहिले. फक्त रागवायला आता समोर कुणी नव्हतं.

दोन वर्षं अशीच गेली आणि उत्सवाच्या सकाळी उंदराच्या शेपटीएवढी वेणी उरली, तीही कमरेच्या वर. राणीनं ठकूला बोलावणं धाडलं. ठकू आली, पण तिचा राग गेला नव्हता आणि तिनं तो लपवलाही नाही.

"चार बोटांवर भागत होतं तेव्हा मला हाकललंत. आता मानेपर्यंत कापावे लागतील. आधी त्या पाच जणींना कामावर घ्या, मग कात्री धरते."

राणीनं मान खाली घातली. पाचही जणी परत आल्या, कात्री चालली, आणि राणी डोक्यावरून पदर घेऊन उत्सवाला गेली.

चूक दाखवणाऱ्याला हाकललं म्हणून चूक जात नाही, ती वाढतच जाते.