दोन बोटांचा फरक

ही गोष्ट मला नीट आठवते, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. बाणांतला फरक दोन बोटांचा होता की चार, इथंच मी बरीच वर्षं अडखळत होतो. बाकीचं सांगतो.

फार फार पूर्वी एका खिंडीच्या दोन बाजूंना दोन राज्यं होती. खिंडीवर शत्रू आला तर दोघांनी मिळून लढायचं, असा त्यांचा करार होता. दरवर्षी दोन्ही राजे खिंडीत भेटत, मिठी मारत, एकमेकांना शेले देत आणि जेवून परत जात.

बाणाची लांबी मात्र प्रत्येक राज्यात आपापल्या राजाच्या हातावरून ठरे. एक राजा उंच होता, दुसरा ठेंगणा.

उंच राजाच्या राज्यात बाण करणारी एक म्हातारी होती. तिचा एकुलता एक मुलगा खिंडीत पहाऱ्यावर असे. एका भेटीच्या दिवशी, पंगत बसलेली असताना, ती पुढे आली. शेजाऱ्यांचा बाण तिनं आपल्या धनुष्याला लावला आणि दोरी कानापर्यंत ओढली. बाण आखूड पडला, टोक धनुष्याच्या आत घसरलं आणि तो ठेंगण्या राजाच्या ताटात पडला.

"महाराज, मिठ्या पुष्कळ झाल्या," ती म्हणाली. "उद्या माझ्या लेकाचा भाता रिकामा झाला, तर हे बाण त्यानं काय चुलीत घालायचे?"

ठेंगणा राजा चिडला. "मग मी काय हात ताणून लांब करू?"

"आणि मी कापून घेऊ?" उंच राजा म्हणाला.

"तुम्ही दोघं कुठं पहाऱ्यावर आहात?" म्हातारी म्हणाली. "जो उभा आहे, त्याचा हात मापा."

मग ठेंगणा राजाच आधी हसला. त्याच दिवशी खडकावर दोन्ही जुन्या मापांच्या खुणा कोरल्या आणि शेजारी तिच्या मुलाच्या हाताचं नवं माप. पुढं दोन्ही राज्यांत धनुष्यबाण त्याच मापानं होऊ लागले.

वर्षभरानं शत्रू आला. दुपारपर्यंत मुलाचा भाता रिकामा झाला. शेजारचे सैनिक धावत आले, त्यांनी आपले बाण पुढं केले. त्यानं एक लावला, श्वास रोखून कानापर्यंत ओढला. बाण जागचा घसरला नाही; सुटला तो थेट शत्रूवर.

संध्याकाळी शत्रू माघारी फिरला.

म्हातारी सकाळपासून पायवाटेवर उभी होती. मुलगा खाली आला, तशी ती त्याचे हात चाचपू लागली.

"आता पुन्हा माप घेतेस का, आई? भूक लागलीय मला."

तिनं पदरात बांधलेली भाकरी सोडून त्याच्या हातावर ठेवली.

मित्राची मदत आपल्या हातात बसते की नाही, हे संकट येण्याआधीच पाहून ठेवावं.

ही गोष्ट ऐकल्यावर पुष्कळ वर्षांनी मी त्या खिंडीत गेलो. जुन्या दोन खुणांच्या मध्ये बोटं ठेवून पाहिली. खात्री वाटेना, म्हणून पुन्हा पाहिली. फरक दोनच बोटांचा होता.