पेटीच्या पोटातली घूम

लई जुनी गोष्ट. खाडीकाठच्या वाडीत लग्नात वाद्यं वाजवणारा इनास वाजपवाला, त्याची लेक फ्लोरी आणि त्यांची विजेवर वाजणारी बेसगिटार राहायची. गिटारीला न्यायला-आणायला घरात दोघी जावा होत्या, थोरली लाकडी पेटी नि धाकटी कापडी गवसणी.

धाकटीची जीभ भारी तिखट. "जाऊबाई, तुम्हाला उचलायला दोन माणसं लागतात. मी बघा, पाठीवर बसले की निघाले!"

"बस हो बाई. पण गिटार आपटली म्हणजे?"

एकदा पैलतीरी लग्न होतं. होडीत मोठमोठे ढोल रचलेले, म्हणून फ्लोरीनं गिटार पेटीत ठेवली आणि गवसणीत नुसत्या वायरी कोंबल्या. गवसणी वाटभर फुरंगटून बसली.

मांडवात नवरा-नवरी नाचायला उभी राहिली आणि वीज गेली. विजेवाचून गिटार मुकी. इनासचा चेहरा उतरला. "संपलं, पोरी. आता आपल्याला कोण बोलावतंय!"

फ्लोरी मटकन रिकाम्या पेटीवर बसली. गिटार पेटीला टेकली होती. सवयीनं तिनं जाड तार छेडली, आणि अगं बाई, पेटी घुमली! मांडवाचे खांब, पाण्याचे हंडे, म्हाताऱ्यांच्या छात्या, सगळं तिच्यासंगं घुमू लागलं. नवरीचे पाय आपोआप उचलले.

गवसणीच्या अंगावर काटा आला. "जाऊबाई, एवढं सगळं तुमच्या पोटात होतं?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं गं," पेटी थरथरत म्हणाली.

तेव्हापासून खाडीच्या दोन्ही काठांना इनासच्या वाजपाशिवाय लग्न लागेना. घरावर नवी कौलं चढली, आणि त्या कौलांखाली दोघी जावा एकमेकींना टेकून नांदू लागल्या.