आज घोंगडी

"वस्ताद, अजून किती दिवस झोपवणार मला?"

इंद्रजितने विचारलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. बाकीची सतरा पोरं खांद्यावर वाळूची पोती घेऊन तालमीच्या अंगणात फेऱ्या मारत होती. तो एकटाच पायरीपाशी उभा होता, बुटाच्या नाड्या घट्ट आवळून.

हिंदुराव वस्ताद पायरीवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आज अकरावा दिवस हाय," इंद्रजित म्हणाला. "सोमवारी विद्यापीठाची निवड हाय वस्ताद. आज गुरुवार."

"ठावं हाय."

"मग?"

"मग आज घोंगडी."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. मी कॉलेजचा क्रीडाशिक्षक. या म्हाताऱ्याला फुटबॉलच्या नादाला मीच लावलं. आमचा संघ साठाव्या मिनिटापर्यंत वाघ असायचा आणि त्यानंतर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. पोरांच्या पायात कसब होतं, पण दम नव्हता. सलग सहा वर्षं हरलो, तेव्हा मी कोल्हापुरातल्या आमच्या पेठेच्या तालमीत जाऊन वस्तादांचे पाय धरले.

"मला फुटबालातलं काय कळतंय मास्तर?" ते म्हणाले होते. "पोरं तगडी करायची, एवढंच न्हवं?"

चार महिन्यांत त्यांनी ती केली. फैजल शिकलगार हा आमचा डावा बचावपटू. पूर्वी कॉलेजचा जिना चढला तरी धापा टाकायचा. आता नव्वद मिनिटं पळून सायकलवर घरी जातो आणि चढाला उतरत नाही. धक्का लागला की लोळण घेणारी पोरं आता धक्का देणाऱ्याकडे नुसती वळून बघतात. वीस वर्षं शिट्टी फुंकून मला हे जमलं नव्हतं. याचं वाईट वाटत नाही, असं मी म्हणणार नाही.

वस्तादांची पद्धत साधी होती. आल्याबरोबर प्रत्येकाने डावं मनगट त्यांच्या हातात द्यायचं. ते डोळे मिटून नाडी बघायचे आणि दोनपैकी एक शब्द बोलायचे. "माती" म्हणाले की कामाला लागायचं. "घोंगडी" म्हणाले की ओसरीवर अंथरलेल्या काळ्या घोंगडीवर जाऊन आडवं व्हायचं, सराव संपेपर्यंत.

बाकीच्यांना महिन्यातून एकदोनदा घोंगडी मिळायची आणि ते खुशीत घोरायचे.

इंद्रजित चौगुले कर्णधार. आला तेव्हा सगळ्यांत दणकट होता. चार महिन्यांनी सगळी पोरं वर चढली आणि हा एकटाच खाली आला. रविवारच्या सामन्यात तर सोपा चेंडू पायात असताना अडखळून पडला. मी बुटांना दोष दिला. दुसरं काय देणार?

"पोरं हसत्यात मला," तो म्हणाला.

"हसू देत."

"झोपून कोण तगडा झालाय वस्ताद?"

वस्तादांनी आता कुठे मान वर केली. त्यांचे डोळे लाल दिसत होते. आज त्यांना बोलायचाही कंटाळा आलाय, असं मला वाटलं.

"बस," ते म्हणाले.

इंद्रजित बसला.

"खांब का धरलास?"

"...कुठं?"

"बसताना. एकवीस वर्साचा गडी, आणि बसायला खांब लागतोय?"

इंद्रजितने खांबावरचा हात काढला.

"किती मारल्यास?"

"काय?"

"बैठका. काल हितनं गेल्यावर. किती?"

अंगणात पोती आदळल्याचा आवाज आला. कुणीतरी हसलं.

"...हजार."

"परवा?"

"हजारच."

"घोंगडी दिली त्या समद्या दिवशी?"

"दिवस वाया जाऊ नये म्हणून... गच्चीवर."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे दहा दिवस हा पठ्ठ्या सकाळी इथे झोपत होता आणि संध्याकाळी त्याची भरपाई करत होता. दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा पळायची आणि पुन्हा घोंगडी.

"अरे शहाण्या, तुला काही..."

वस्तादांनी हात वर करून मला थांबवलं.

"माझं शेवटचं वर्ष हाय," इंद्रजित म्हणाला. "विद्यापीठाचा शर्ट आता न्हाई मिळाला तर परत न्हाई. तुमच्यासारखं मला चाळीस वर्सं न्हाईत वस्ताद, चारच दिवस हाईत. ते पण लोळून काढू?"

"व्हय."

"आणि न्हाई झाली निवड तर?"

"तर न्हाई झाली."

मला त्या क्षणी म्हाताऱ्याचा राग आला. पोराचा जीव टांगणीला लागलेला, आणि याला दोन गोड शब्द सुचेनात. आणि तीन महिने निवडीच्या गप्पा मारून त्याचा जीव टांगणीला लावणारा मीच होतो, हेही तेव्हाच आठवलं.

वस्तादांनी एक लांब श्वास सोडला. मग आपलं डावं मनगट पुढे केलं.

"बघ."

"मी?"

"चार महिनं हात देतोयस. घे की एकदा."

इंद्रजितने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? त्याने ते मनगट हातात घेतलं, दोन बोटं इकडेतिकडे चाचपली, मग त्यांच्यासारखेच डोळे मिटले.

थोड्या वेळाने त्याने ते उघडले.

"वस्ताद... अंग तापलंय तुमचं."

"अंग कुणी विचारलं? नाडी बघ."

"...लई पळतीया."

"हं."

"कवापासनं हाय ताप?"

"सोमवारपासनं असंल."

चार दिवस हा माणूस उजाडायच्या आत तालमीचं दार उघडत होता. रोज अठरा पोरांची मनगटं त्याने त्या तापलेल्या हातात घेतली. एकालाही हात गरम लागला नाही. मी तर रोज शेजारी बसून त्याच्याबरोबर चहा पीत होतो. मला माझीच लाज वाटली.

"मास्तर, डाक्टर..." इंद्रजित उठू लागला.

वस्तादांनी मनगट काढून घेतलं नाही.

"डाक्टर मागनं. हितं दोनच शब्द हाईत. कंचा म्हणतोस?"

"मी कसं सांगू तुम्हाला?"

"हात तुझ्या हातात हाय."

अंगणातली पोरं थांबली होती. फैजल पोतं खांद्यावर तसंच घेऊन उभा होता.

"...घोंगडी," इंद्रजित म्हणाला. ऐकू येईल न येईल असं.

"सोमवारी निवड हाय की."

"असू दे."

"ह्या पोरांचं कोण बघंल?"

"बघत्यात त्यांची ती."

"चार दिवस वाया जात्याल."

"जाऊ देत वस्ताद!" तो ओरडलाच. डोळ्यांत पाणी आलं होतं. "घोंगडी म्हटलं न्हवं? चला."

वस्ताद उठले. ओसरीवर गेले. खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी करून उशाला घेतली आणि भिंतीकडे सरकून आडवे झाले. त्या घोंगडीवर त्यांची पाठ टेकलेली आमच्या पेठेत कुणी पाहिली नव्हती.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते अर्ध्या तासात येतो म्हणाले.

फोन ठेवून वळलो तर इंद्रजित ओसरीच्या कडेला उभा होता. घोंगडीवर भिंतीच्या अलीकडे एका माणसाची जागा रिकामी होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

मग त्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट भिंतीशी ठेवले. खांब दोन्ही हातांनी धरला, सगळ्यांच्या देखत, आणि हळूहळू खाली बसला. मांड्या थरथरत होत्या. आडवा झाल्यावर त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी दमलेल्या बैलाचाच ऐकला आहे.

पोरं पुन्हा फेऱ्या मारू लागली. कुणी सांगितलं नव्हतं.

बराच वेळ दोघं तसेच पडून होते. मला वाटलं, झोप लागली.

"इंद्रा..." वस्तादांचे डोळे मिटलेलेच होते.

"जी?"

"अजून किती दिवस झोपवणार हाईस मला?"