पाट्याचा वळसा

घरात मिक्सर नवा नवा आला होता, तेव्हाची गोष्ट. दगडी पाटा माळ्यावर गेला, पण मुंग्यांची रांग त्याच्या रिकाम्या जागेला वळसा घालूनच चालायची.

एक दिवस मोरी तुंबली आणि पाणी बिळाकडे धावलं. अंडी उचलून सगळ्या वळशाला लागल्या.

“सरळ चला! पाटा नाहीये आता तिथं!” चिमा मुंगी ओरडली.

“आमच्या आजीचं डोकं आपटलंय त्यावर,” म्हातारे दगडूतात्या ठणकावून म्हणाले. “वळसा म्हणजे वळसा!”

चिमा अंडं घेऊन सरळ गेली नि पहिली पोचली. मग अख्खी रांग तिच्यामागे वळली.

शेवटी तात्याही आले. मोकळ्या फरशीवर एकेक पाय उंच उचलत धापा टाकत म्हणाले, “चढ फार आहे गं इथं!”