राग आला की बसणारा इनास

खूप खूप वर्षांपूर्वीची ही हकीकत आहे. ऐकणाऱ्यांत लहान असतील, मोठेही असतील. सगळ्यांनी ऐकावी अशीच ती आहे.

एका खाडीच्या काठी दोन गावं होती. दोन्ही गावांत देऊळ माता मारियेचंच, दोन्ही गावांना फादरही एकच. दोन्ही गावांची भातशेती एकाच मातीच्या बांधाआड होती. बांधाच्या पलीकडे खारं पाणी, अलीकडे भात. बांधाच्या मधोमध दगडी चौकटीत बसवलेलं जाड फळ्यांचं दार होतं. त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ती उघडायची, म्हणजे शेतातलं जास्तीचं पावसाचं पाणी खाडीत जाई. भरतीला ती बंद करायची, म्हणजे खाडी शेतात येत नसे. एवढं सोपं काम. पण ती कोणी उघडायची आणि कोणी लावायची, यावरून दोन्ही गावं पिढ्यानपिढ्या भांडत आली होती.

खालच्या गावात इनास राहत असे. अंगाने धिप्पाड, मनाने मोकळा. कुणाची होडी चिखलात रुतली की आधी इनास धावे. पण त्याचा राग वाईट होता. राग आला की त्याला समोरचं माणूस दिसेनासं होई. मग थोड्या वेळाने तोच इनास त्याच माणसाच्या दारात रडत उभा राहायचा.

एकदा जाळ्यावरून त्याचं धाकट्या भावाशी, कैतानशी, वाजलं. दोघं होडीत होते, होडी धक्क्याला लागली होती. इनासने कैतानला ढकललं. कैतान धक्क्याच्या दगडांवर पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. वैदूने बांधलं, पण हाड सरळ जुळलं नाही. बोटं मिटेनात. कैतानला त्या हाताने पुन्हा वल्हं धरता आलं नाही.

कैतान ओरडला नाही, भांडलाही नाही. त्याने इनासशी बोलणं सोडलं.

इनास देवळात गेला आणि कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायला, गुडघे टेकून बसला. आत म्हातारे फादर होते. इनासने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "फादर, हा राग माझ्यातून उपटून काढा."

"तुझं पाप देव आत्ता क्षमा करील," फादर म्हणाले. "पण भावाचं मनगट मोडलेलंच राहील. तेव्हा पहिलं हे कर. तू जिवंत आहेस तोवर कैतानचं शेत तुझ्याआधी नांगरायचं."

"नांगरीन. आणि रागाचं?"

फादर म्हणाले, "राग आला की खाली बस. जिथे असशील तिथे. एकदा 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हण. मग उठ आणि मग बोल."

"एवढंच?"

"करून बघ. मग मला सांग, एवढंच की केवढं."

इनासने करायला घेतलं, आणि गावाला करमणूक मिळाली. एवढा थोरला माणूस बाजारात भाव करता करता मध्येच मटकन खाली बसे. लग्नाच्या मांडवात बसे. एकदा तर भर चिखलात बसला. बायका तोंडाला पदर लावून हसत. वरच्या गावात दुमिंग नावाचा एक तिखट जिभेचा शेतकरी होता. तो म्हणे, "खालच्या गावचा वाघ आता खुडूक कोंबडीसारखा बसतो."

आणि नेहमी जमतच होतं असंही नाही. कितीतरी वेळा बसायच्या आधीच हात उठलेला असे. मग इनास पुन्हा कुमसाराला जाई.

"फादर, तेच पाप. यायची लाज वाटते."

"लाज वाटूनही आलास. या वेळी कुठवर गेला होतास?"

"नमो मारिया अर्धी झाली होती."

"आणि त्याच्या आधीच्या वेळी?"

"सुरूच केली नव्हती."

"मग अर्धी पुढे आलास की," फादर म्हणाले. "एकट्याच्या जोरावर राग दाबत बसशील तर तो पोटात आंबेल. तू बसायचं तेवढं बस. जे तुला जमत नाही, ते देवाकडे माग."

वर्षं गेली. इनास दर पावसाळ्यात आधी कैतानचं शेत नांगरी, मग आपलं. कैतान बांधावर येऊन उभा राही, पाणी ठेवून जाई. बोलत नसे.

मग एका वर्षी भात पोटरीला आलं असताना पाऊस थांबेना. शेतं तुंबली. उघाडी नीट उघडली नाही म्हणून दोन्ही गावं एकमेकांना दोष देऊ लागली. बाजारात दुमिंग इनासला म्हणाला, "तुझा भाऊ उघाडीवर होता ना? लुळ्या हाताने काय उघडणार तो?"

इनास बसला नाही. त्याला आठवलंच नाही. सगळ्या बाजारासमोर तो ओरडला, "एक दिवस ती उघाडीच उपटून फेकीन. मग बुडा सगळे."

घरी पोचेपर्यंत त्याला आपल्या बोलण्याची शरम वाटू लागली होती. पण शब्द वरच्या गावात पोचले होते, आणि तिथल्या लोकांनी ते जपून ठेवले.

अमावस्या आली. सकाळी भरतीला सुरुवात झाली आणि वारा खाडीच्या तोंडातून आत घुसला. असं उधाण म्हाताऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. इनास आणि कैतान आपापल्या शेतात होते. उघाडीकडून लाकूड तडकल्याचा आवाज आला. दोघंही धावले.

फळ्यांना आतून धरून ठेवणारा अडसर मधोमध मोडला होता. फळ्या वाकत होत्या. त्यांच्या फटींतून खारं पाणी पिचकाऱ्यांसारखं उडत होतं. दार गेलं असतं तर घटकेभरात दोन्ही गावांची शेतं गेली असती, आणि खार बसलेल्या जमिनीत पुढची कित्येक वर्षं भात उगवलं नसतं.

इनासने आतल्या बाजूला उडी टाकली. पाठ फळ्यांना लावली, पाय समोरच्या दगडाला रोवले, दोन्ही हातांनी चौकट पकडली. मागे धावत आलेल्या गावकऱ्यांना तो म्हणाला, "वासे आणा. जाड वासे." ते गावाकडे पळाले. कैतान थांबला आणि डाव्या हाताने फटींत चिखल भरू लागला.

तेवढ्यात वरच्या गावची माणसं बांधावरून आली. पुढे दुमिंग होता, हातात जाड बांबू. मागच्यांकडे कोयते होते. त्यांनी लांबून एवढंच पाहिलं होतं, की उघाडी हलते आहे आणि इनास तिला धरून आहे.

"हात काढ दारावरून," दुमिंग म्हणाला.

इनासला धड श्वास घेता येत नव्हता. "काढला तर तुझं शेत जाईल."

"तूच बाजारात म्हणालास, उपटून फेकीन. सगळ्यांनी ऐकलं."

"दार मोडलंय, दुमिंग. नीट बघ."

दुमिंग बघण्याच्या पलीकडे गेला होता. त्याची चार पोरं त्या शेतावर जगत होती. त्याने बांबू उगारला आणि इनासच्या खांद्यावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज कैतानला ऐकू आला. इनासच्या डोळ्यांपुढे लाल झालं. जुना राग पायांपासून वर चढला. एक उडी, आणि दुमिंगचा गळा त्याच्या हातात आला असता. एवढी ताकद त्याच्यात अजून होती. पण तिथे बसायला जागा नव्हती. हात चौकटीवरून सुटत नव्हते. आणि ओठ, त्याने हलवले नसताना, 'नमो मारिया' म्हणू लागले होते.

दुमिंगने बांबू पुन्हा उचलला. इकडे कैतानने एका माणसाच्या हातातला कोयता हिसकावला आणि तो डाव्या हातात घेऊन दुमिंगकडे निघाला. मागचे लोक पुढे सरकले. आता एक घाव पडला असता, तर त्या बांधावर किती प्रेतं पडली असती कोण जाणे.

"कैतान," इनास म्हणाला. त्याचा आवाज खालचा होता. "ठेव तो. चिखल लाव."

कैतान थांबला. भावाकडे पाहत राहिला. मग त्याने कोयता पाण्यात टाकला आणि पुन्हा फटीपाशी वाकला.

इनासने दुमिंगकडे मान वळवली. "मी तसं बोललो होतो. चुकलं माझं. आता मार, नाहीतर खाली उतरून खांदा लाव. पण लवकर ठरव. एक हात गेलाय माझा."

दुमिंगने तेव्हा कुठे पाहिलं. पाणी इनासच्या कानांवरून उडत होतं. एक हात लोंबत होता आणि दुसऱ्या हाताच्या नखांतून रक्त येत होतं. मार खाऊनही हा माणूस तसूभर हलला नव्हता, आणि त्याच्या पाठीमागे दार थरथरत होतं.

दुमिंगने बांबू टाकला आणि उडी घेतली. त्याने इनासच्या शेजारी पाठ लावली. मग त्याच्या गावचे बाकीचे उतरले. वासे आले. संध्याकाळी भरती उतरली, तेव्हा दोन्ही गावांची माणसं एकाच चिखलात दमून बसली होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

रात्र पडायच्या आत फादर इनासच्या घरी आले.

"फादर, मला त्याचा जीव घ्यावासा वाटला," इनास म्हणाला. "खरंच वाटलं."

"मग का घेतला नाहीस?"

"ठाऊक नाही. हात सुटलेच नाहीत."

"इतकी वर्षं तू चिखलात बसत होतास, लोक हसत होते," फादर म्हणाले. "देव हसत नव्हता. तो तुझे हात तयार करत होता."

इनासचा खांदा पुरता बरा झाला नाही. पुढच्या पावसात त्याला नांगर धरवेना. तेव्हा एका सकाळी दुमिंग आपले बैल घेऊन आला. त्याने आधी कैतानचं शेत नांगरलं, मग इनासचं. दुपारी कैतान दोघांसाठी भाकरी घेऊन बांधावर आला आणि इनासला म्हणाला, "दादा, जेवून घे."

त्या वर्षापासून उघाडीवर दोन्ही गावांचा एक एक माणूस असे, आणि तिच्यावरून पुन्हा कधी भांडण झालं नाही.

बोध: रोजच्या लहान झगड्यांत जो पडून पुन्हा उठतो आणि उठताना देवाचा हात धरतो, तोच कसोटीच्या घडीला उभा राहतो.