टेकडी कोणासाठी हिरवी?

मुलांनो, एका उघड्या टेकडीवर नाकतोड्यांचे मोठे गोत नांदत होते. सगळे कसे हिरवेगार, आणि तेवढेच तोरेखोर! टेकडीवरचे गवत देवाने आपल्या मानासाठी हिरवे रंगवले आहे, असे त्यांचे ठाम मत होते. देवाला दुसरी कामे नव्हती का, हे त्यांना विचारणार कोण? कधीमधी एखादे पिल्लू काळेकुट्ट निपजे. मग आईनेच त्याला गवतापलीकडच्या कातळावर सोडून यायचे आणि परतताना मागे वळून पाहायचे नाही, अशी तिथली रीत होती.

एकदा एका नाकतोडीला काळी लेक झाली. गोतातला म्हातारा नाकतोडा म्हणाला, "बाई, आपण देवाने निवडलेले. आपल्यात हिचं काय काम? सोडून ये." रीत मोडायची नाकतोडीची छाती होईना. तिने लेकीला कातळावर सोडले. परतताना मात्र तिने मागे वळून पाहिले, आणि तिचा पाय निघेना. ती लेकीला पोटाशी धरून तिथेच बसली.

तेवढ्यात वणवा पेटला! धडधडत जाळ टेकडीवर चढला आणि सगळे हिरवे गोत जीव मुठीत धरून त्याच कातळावर आले. आग विझली तेव्हा टेकडी काळी ठिक्कर पडली होती. "भिऊ नका," म्हातारा ऐटीत राखेत उतरला, "आपण देवाने निवड..." पुढचे शब्द साळुंकीच्या चोचीत गेले. साळुंक्यांचा थवाच उतरला होता. काळ्या राखेवर हिरवे नाकतोडे लांबूनही दिसत, आणि दिसला की गेलाच. नाकतोडी एका फटीत शिरली. पण लेक? लेक उघड्या राखेत, साळुंकीच्या अगदी पायाशी होती, आणि साळुंकीचे तिच्याकडे लक्षच नव्हते.

फटीतूनच नाकतोडी ओरडली, "साळुंकीबाई, आमच्या माणसांनी असं काय पाप केलं होतं?"

"पाप?" साळुंकी चकित झाली. "अगं, मला दिसले, मी खाल्ले."

"आणि त्या काळ्या पोरीला का सोडलंस?"

"कुठली काळी पोरगी?" साळुंकी इकडेतिकडे पाहू लागली.

नाकतोडी मुळापासून हादरली. देवाचा राग नाही, लोभ नाही, निवड नाही! नुसते दिसणे आणि न दिसणे! पूर्वी टाकलेली काळी पिल्लेही कातळाच्या फटींतून एकेक करून बाहेर आली आणि राखेत बिनधास्त फिरू लागली. नाकतोडीने उरल्यासुरल्या हिरव्यांना साळुंकीचे बोलणे सांगितले, तर ते तिच्यावरच खवळले. "मग आपण कोणाचेच लाडके नव्हतो की काय? जीभ आवर!" असे म्हणून ते ताठ मानेने राखेत उतरले, आणि परत आले नाहीत.

टेकडी बरेच दिवस काळीच राहिली; कातळाच्या फटींतल्या शेवाळावर सगळ्यांची गुजराण चाले. लेकीला पोरे झाली, त्यांनाही पोरे झाली, आणि जिकडे तिकडे काळेच नाकतोडे दिसू लागले. एके दिवशी फटीच्या आडोशाने जगून म्हातारी झालेल्या नाकतोडीला तिचा काळा पणतू एका पिल्लाला ढकलत नेताना दिसला. पिल्लू हिरवे होते.

"कुठे नेतोस रे त्याला?"

"कातळावर," पणतू म्हणाला. "ही टेकडी देवाने आपल्या मानासाठी काळी केली आहे, पणजी. आपण निवडलेले ना?"

तेच शब्द, तोच तोरा! नाकतोडीने धावत जाऊन पिल्लाला पोटाशी ओढले. "मेल्या, आपल्याला कोणी निवडलं नाही! आपण नुसते उरलो आहोत. बघ, तुझ्या पायाखाली बघ!"

पणतूने खाली पाहिले. राखेतून गवताचे पहिले हिरवे पाते वर आले होते.

तात्पर्य : जो टिकला तो थोर म्हणून टिकला असे नाही; त्या वेळच्या जागेशी त्याचा मेळ बसला, एवढेच. जागा बदलत राहते, म्हणून आपल्यातल्या वेगळ्याला टाकू नये.