हिरव्या रोपातला खोडकिडा

एकदा एक शिष्य दिवाळीलाही आश्रमातच राहिला. गावी त्याची थोरली बहीण होती, द्वारका. आईविना पोर म्हणून तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेले. पण वडिलांच्या तेराव्याला चारचौघांत ती त्याला बोलली, "बाप वाट पाहत गेला, तू कुठे होतास?" तेव्हापासून त्याने तिचा उंबरा ओलांडला नव्हता. कुणी विचारले तर सांगे, माझ्या मनात काही नाही. मनात काही नाही म्हणे! भाऊबीज जवळ आली की याचा जीव नुसता तिच्यासाठी तुटे.

भाऊबीजेच्या सकाळी गुरूंनी त्याला आश्रमाच्या ज्वारीत नेले आणि कीड लागलेली रोपे उपटायला सांगितली. अळीने पानांची चाळण केलेली रोपे तो भराभर उपटू लागला, तोच गुरूंनी त्याचा हात धरला. मग ते एका हिरव्या रोपापाशी वाकले आणि त्याचा मधला कोवळा पोंगा चिमटीत धरून अलगद ओढला. तो सहज हातात आला. बुडाशी पार कुजलेला होता. ते रोप त्यांनी मुळासकट काढले आणि फाटक्या पानांच्या रोपाला मात्र मातीची भर दिली.

शिष्य चक्रावला. गुरू म्हणाले, "पाने खाणारी अळी उघड्यावर खाते. रोप विद्रूप होते खरे, पण पोंगा शाबूत असला की नवे पान येते. खोडकिडा आत शिरतो. वरून हिरवे दिसते आणि आत वाढ खुंटते. तुझी बहीण बोलली, तिने पाने खाल्ली. तू मात्र गप्प बसलास."

शिष्याला रडू आवरेना. रडतच त्याने विचारले, "मग माझे रोपही उपटायचेच का?"

"पहाटे उटण्याचा वास आला तेव्हा तू तोंड फिरवून डोळे पुसलेस. तुझा पोंगा अजून घट्ट आहे, बाळा. नीघ."

तो दिवसभर चालला. दिवेलागणीला गावात शिरला तेव्हा द्वारका अंगणात तबक घेऊन उभी होती. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. ही भाऊ असून पश्चिमेच्या कोरीला ओवाळत होती.

त्याला पाहताच तिने तबक खाली ठेवले आणि आधी त्याची चांगली खरडपट्टी काढली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. इतक्या वर्षांत एवढे गोड त्याच्या कानी काही पडले नव्हते. मग तिने पाट मांडला.